‘तुनं पाह्यलं काय?’ : सामन्याच्या आदल्या रात्रीची समीक्षा

माझा एक व्हॉइस मेसेज आमच्या ग्रुपवर अजून पडलेला आहे. ४१ सेकंदांचा. मागच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या फायनलच्या आदल्या रात्री, अकरा वाजून गेल्यावर, मी तो पाठवला होता. तेव्हा मी अमरावतीच्या खोलीवर होतो. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक समोर उघडं होतं आणि ग्रुपवर आमच्या कॉलेजच्या उजव्या कॉर्नरच्या गुडघ्याची चर्चा पेटली होती. दुखतो म्हणे. उद्या खेळते का नाही, नक्की नाही म्हणे. मी फोन तोंडाजवळ धरला आणि बोललो, "अबे, गुडघा-बिडघा काही नाही दुखत त्याचा. मोठी मॅच आली का त्याले भेव वाटते. दमच नाही पोट्ट्यात. मी लहानपणापासून ओळखतो ना त्याले." पुढे डाव कसा लावावा, पहिली चढाई कोणी करावी, याचं विश्लेषण. मेसेजखाली अंगठ्यांची आणि हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

लहानपणापासून ओळखतो, हे खरं होतं. आम्ही दोघं रिद्धपूरचे, एकाच गल्लीतले. गुडघा मात्र मी पाहिला नव्हता. त्या महिन्यात मी एकदाही सरावाला गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तो नी-कॅप चढवून खेळला. दुसऱ्या डावात त्यानं समोरच्या रेडरचा घोटा धरला. रेडर वळला, त्याच्यासोबत हाही वळला. याचा बूट तेवढा मॅटला चिकटून राहिला. पाय जागेवर आणि वरचं अंग फिरलेलं. तो उठला नाही. आपण चार गुणांनी हरलो. नंतर एमआरआय, लिगामेंट, ऑपरेशन आणि मग कुबड्यांवर संत्र्याच्या बगीच्याच्या धुऱ्यापर्यंत जाऊन परत येणं. असं जवळपास वर्ष गेलं.

उद्या पुन्हा फायनल आहे. तो पुन्हा उजव्या कॉर्नरला उभा राहणार आहे. आणि आज सकाळपासून ग्रुपवर मला विचारणा होते आहे, "काय म्हणते बे तुहा अंदाज?"

माफी मागायची ती मी त्याच्या ओसरीत बसून मागितली आहे, त्यामुळे हा लेख त्यासाठी नाही. त्या ४१ सेकंदांकडे मला समीक्षक म्हणून पाहायचं आहे. कारण सामन्याच्या आदल्या रात्री आपण जे करतो ती समीक्षाच असते. पुस्तकावर चार ओळी लिहायला आपल्याला धीर होत नाही, सिनेमावर बोलताना ‘मला वाटतं’ जोडतो. आपल्या टीमबद्दल मात्र आपण सगळे बेधडक समीक्षक असतो. या समीक्षेची भाषा कशी असते, ती कुठं खरी असते आणि कुठं ती फक्त तोंडाची वाफ असते, हे कोणीतरी एकदा पाहायला पाहिजे.

‘आपण’ जिंकतो, ‘ते’ हरतात

आधी या बोलण्याचं व्याकरण पाहा. मागच्या पाच-सहा मोसमांतले ग्रुपवरचे मेसेज मी या आठवड्यात खाली-वर करून वाचले. सामन्याच्या आधी सर्वनाम एकच असतं : आपण. ‘आपण पहिल्याच डावात लोण चढवतो’, ‘आपल्याले कोण अडवते?’ जिंकलो की तेच पुढं चालू राहतं. हरलो की रात्रीतून सर्वनाम बदलतं. ‘ते पोट्टे सरावच करत नव्हते.’ ‘त्यायले काही पडलीच नव्हती.’ एका शिट्टीच्या अंतरावर ‘आपण’चं ‘ते’ होतं.

मराठीत ‘आपण’ हा मोठ्या मनाचा शब्द आहे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. प्रेक्षकानं स्वतःला खेळाडूच्या ‘आपण’मध्ये घेणं यात मला काही वावगं दिसत नाही. त्याच्याशिवाय खेळ कोणी पाहिलाच नसता. पण ‘आपण’ म्हणणाऱ्यानं हरलेल्या संध्याकाळीही त्या शब्दात राहायला हवं. वर मी ‘आपण चार गुणांनी हरलो’ असं लिहिलं. मागच्या वर्षी ग्रुपवर त्याच रात्री मी ‘हरले ना शेवटी’ असं लिहिलं होतं. स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

दुसरी गोष्ट काळाची. या बोलण्यात वर्तमानकाळ जवळपास नसतोच. भूतकाळ असतो : ‘त्याचा बापही असाच होता, ऐन वेळेवर बसणारा.’ आणि भविष्यकाळ असतो : ‘उद्या पाहाच तुम्ही.’ आत्ता तो पोरगा कसा पळतो आहे, त्याचा श्वास कितव्या मिनिटाला तुटतो आहे, कोणाचा हात कोणाच्या हातात नीट बसतो आहे, हे सांगणारं वाक्य शोधावं लागतं. कारण साधं आहे. वर्तमानकाळात बोलायचं तर मैदानावर जावं लागतं.

दम

माझ्या मेसेजमधला सगळ्यात वाईट शब्द ‘भेव’ नव्हता, ‘दम’ होता.

कबड्डीत दम म्हणजे श्वास. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत पलीकडं जायचं, शिवायचं आणि दम तुटायच्या आत मध्यरेषेवर परत यायचं. दम तुटला की बाद. पंचाला तो ऐकू येतो, समोरच्या सात जणांना ऐकू येतो. आता चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ आहे, तरी दम घालायचा नियम आहेच. म्हणजे मुळात दम ही मोजता येणारी, कानानं तपासता येणारी वस्तू आहे.

आपण प्रेक्षकांनी तो शब्द उचलला आणि त्याचं शील करून टाकलं. ‘दम नाही त्याच्यात.’ आता हे कशानं तपासणार? माणसाच्या छातीत किती हवा मावते ते दिसतं. त्याच्या मनात किती धीर मावतो ते आदल्या रात्री अमरावतीच्या खोलीवरून दिसत नाही. सामन्याच्या आधीची बहुतेक वाईट समीक्षा याच वाटेनं जाते. पाहण्यासारख्या गोष्टीपासून निघते, एक उडी मारते आणि माणसाच्या स्वभावावर जाऊन बसते. ‘त्याचा घोटा सुटतो’ हे निरीक्षण आहे. ‘तो मोठ्या मॅचमध्ये सुटतो’ हा संशय आहे. दोन्ही वाक्यं एकाच सुरात बोलली जातात, म्हणून दुसरंही निरीक्षणच वाटतं.

तुम्ही म्हणाल, गप्पा आहेत, एवढं काय मनावर घ्यायचं? तेही खरं आहे. पण ऐकणारा कोण, ते पाहा. पूर्वी हे बोलणं पारावर व्हायचं आणि पारावरच विरायचं. खेळाडूपर्यंत पोचलंच तर तिसऱ्याच्या तोंडून, अर्धं गाळून. आता खेळाडू त्याच ग्रुपमध्ये असतो. तोही रात्री अकराला जागाच असतो. त्याच्या नावापुढं दोन निळ्या टिकल्या येतात आणि तो काही बोलत नाही.

आणि या पोरांसाठी हा नुसता खेळ नसतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. या पाच जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडतात, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. त्यापुढं प्रमाणपत्रं, पोलीस भरती, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, अशी एक लांब शिडी असते. फार थोडे तिच्या वर पोचतात. पण कापसाला काय भाव मिळेल हे ठाऊक नसलेल्या घरातला पोरगा त्या शिडीकडं रोज पाहतो. निवडीच्या मोसमात त्याच्यावर ‘नाटक करतो’ असा शिक्का बसला, तर तो दुखऱ्या गुडघ्यानं खेळण्याची शक्यता वाढते की कमी होते, याचं उत्तर मी आता देऊ शकतो.

काकाजी पायाकडं पाहतात

आमच्या गावात एक काकाजी आहेत, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी मातीवर खेळलेले. पाणी मारून, धुम्मस करून तयार केलेलं मैदान, अनवाणी पाय आणि चड्डी-बनियन. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा त्यांना मोठा अभिमान. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या या आखाड्याच्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगापुढं कबड्डी खेळून दाखवली, हे ते नव्या माणसाला दहा मिनिटांत सांगतातच. आजच्या मॅटवरच्या कबड्डीबद्दल त्यांची मतं कडक आहेत आणि त्यातली निम्मी चुकीची आहेत. बोनस त्यांना फुकटचा गुण वाटतो. बूट घालून खेळणं म्हणजे त्यांना जोडे घालून जेवायला बसण्यासारखं वाटतं.

तरी सामन्याआधी मला कोणाचं ऐकावंसं वाटत असेल तर त्यांचं. मी मागं त्यांना एका रेडरबद्दल विचारलं, "काकाजी, कसा आहे हा?" ते म्हणाले, "कसा आहे ते मले नाही माहीत. बोनसले जाते तेव्हा मागच्या पायाची टाच आधीच उचलते. दोन चढायांत समोरच्याले समजते." बस, एवढंच. पोरगा चांगला की वाईट, हिंमतवान की भित्रा, कोणाचा कोण, यातलं काही नाही. मी पुढच्या सामन्यात टाचेकडं पाहिलं. टाच उचलत होती. तिसऱ्या चढाईला समोरच्या कॉर्नरनं त्याला बोनस रेषेवरच धरला.

ज्यांना बोनसची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी : समोर सहा किंवा जास्त खेळाडू मैदानावर असतील आणि रेडरनं एक पाय बोनस रेषेपलीकडं टेकवून दुसरा हवेत ठेवला, तर कोणाला न शिवताही त्याला एक गुण मिळतो. म्हणजे बोनस घेताना तो क्षणभर एका पायावर असतो. तो क्षण कधी येणार हे जो आधी ओळखतो, त्याच्या हाती रेडर लागतो. काकाजींना बोनसचा राग आहे. बोनसवर त्यांच्याइतकं बारीक बोललेलं मी मात्र टीव्हीवरही ऐकलेलं नाही. मत वाईट आणि नजर चांगली, असं एकाच माणसात असू शकतं. समीक्षकाची परीक्षा नजरेवर करावी, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

काकाजींची आणखी एक सवय आहे. कोणी काही ठोकून दिलं की ते शांतपणे विचारतात, "तुनं पाह्यलं काय?" समोरचा म्हणतो, "नाही, पण सगळे म्हणतात." काकाजी पुन्हा सुपारी कातरायला लागतात. मागच्या वर्षी माझा मेसेज ग्रुपवर गेला तेव्हा ते ग्रुपमध्ये नव्हते. त्यांच्याकडं साधा फोन आहे.

म्हाइंभट विचारत फिरले

रिद्धपूर म्हटलं की बाहेरच्यांना कबड्डी आठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभावांचं. गोविंदप्रभूंचं गाव. इथंच म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, परंपरेनं शके १२०० म्हणजे १२७८ च्या आसपास. आता गावात मराठी भाषा विद्यापीठही आलं आहे. शाळेत आम्हाला ‘मराठीतला आद्य गद्यग्रंथ’ एवढं पाठ होतं, एका गुणाच्या प्रश्नासाठी. तो ग्रंथ कसा तयार झाला हे मी फार उशिरा वाचलं, आणि वाचताना काकाजींचा प्रश्न कानात वाजला.

म्हाइंभट विद्वान होते, वाद घालणारे होते, स्वतःच्या विद्वत्तेचा त्यांना अभिमान होता असं परंपरा सांगते. श्रीचक्रधरांच्या लीळा लिहायचं ठरवल्यावर त्यांनी आठवतं ते बसून लिहून काढलं नाही. ज्यांनी त्या प्रसंगी स्वतः पाहिलं होतं, ऐकलं होतं, अशा माणसांकडं ते गेले, गावोगाव फिरले, एकेकाला विचारलं आणि जमवलेलं नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. पुढं धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा अनुयायांनी आपापल्या आठवणीतून ती पुन्हा उभी केली. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा एक गाळून दुसरी ठेवली असं झालं नाही. कोणाच्या आठवणीत काय आहे ते नोंदलं गेलं. आज आपण ज्याला पाठभेद म्हणतो, ते मुळात माणसांच्या आठवणींतले भेद आहेत, आणि ते माणसांच्या नावांसकट सांभाळले गेले.

एका श्रद्धेच्या ग्रंथाची कबड्डीच्या ग्रुपशी बरोबरी मी करत नाही. म्हाइंभटांपुढं जी गोष्ट होती ती त्यांच्यासाठी परमेश्वराची होती. पण तीच तर गंमत आहे. ज्याच्याबद्दल मनात एवढी श्रद्धा, त्याच्याबद्दलही त्यांनी न पाहिलेलं स्वतःच्या पदरचं लिहिलं नाही. ज्यानं पाहिलं त्याला विचारलं. आणि आम्ही त्याच गावचे, ज्याच्यासोबत विटी-दांडू खेळलो त्या पोराच्या गुडघ्याबद्दल न पाहता, न विचारता ४१ सेकंद बोललो. तो तेव्हा माझ्या खोलीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर, कॉलेजच्या होस्टेलवर होता. मी फोन लावू शकलो असतो.

जकार्ता, ऑगस्ट २०१८

हा आजार आपल्या ग्रुपपुरता नाही. २०१८ ची आशियाई स्पर्धा आठवा. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आली तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. महिलांची कबड्डी २०१० मध्ये आली, ती दोन्ही सुवर्णंही भारताची. त्यामुळं जकार्ताला संघ गेला तेव्हा आपल्याकडं चर्चा झालीच नाही. चर्चेला काय ठेवलं होतं? कबड्डीची दोन सुवर्णं आपण घरातून निघतानाच मोजून ठेवली होती.

साखळीतच दक्षिण कोरियानं पुरुष संघाला २४-२३ असं हरवलं. वर्तमानकाळात पाहणाऱ्याला तेव्हाच काही दिसलं असतं. आपण म्हटलं, होतं असं एखाद्या वेळी. उपांत्य सामन्यात इराणनं २७-१८ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात पुन्हा इराण, २७-२४.

त्या इराणच्या महिला संघाची प्रशिक्षक कोण होती? शैलजा जैन. नाशिकच्या. मराठी माणसाला ही बातमी सामना संपल्यावर कळली. आपल्याच मातीत घडलेली एक बाई समोरच्या संघाला तयार करते आहे, त्यांच्या मुली काय शिकल्या आहेत, त्या कशा बचाव करतात, यातलं काहीही सामन्याआधीच्या आपल्या बोलण्यात नव्हतं. आपण समोरच्या संघाकडं पाहिलंच नव्हतं. आपण फक्त स्वतःच्या जुन्या पदकांकडं पाहत होतो.

यात एक आणखी बोचणारी गोष्ट आहे. ज्या सामन्याची आपण चर्चाच करत नाही, तिथंही आपण एक निकाल दिलेला असतो. आमच्या कॉलेजचा मुलींचा संघही यंदा उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याबद्दल ग्रुपवर मला मोजून तीन मेसेज सापडले. एक अभिनंदनाचा, एक ‘पोरी पण खेळतात काय आपल्या?’ असा आणि एक फोटोतल्या कपड्यांबद्दल. उजव्या कॉर्नरला कोण खेळते, तिची पकड कशी आहे, हे एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. वाईट समीक्षेनं माणूस दुखावतो. समीक्षाच नसली तर तो खेळला होता की नाही हेही कोणाला ठाऊक राहत नाही.

निदानरेषा

कबड्डीच्या मैदानात मध्यरेषेपासून पलीकडं एक रेषा असते, निदानरेषा. चढाईला गेलेल्यानं कोणाला शिवलं नाही तरी चालतं, पण परतण्याआधी एकदा तरी ही रेषा ओलांडावी लागते. नाही ओलांडली तर तो बाद. अलीकडंच घुटमळून, हातवारे करून, ओरडून परत आलेल्या रेडरला नियम गुण तर देत नाहीच, उलट बाहेर बसवतो.

आपल्यासारख्या प्रेक्षकांनाही असा एक नियम असता तर बरं झालं असतं. बोला, हवं ते बोला, चुकाही करा, पण एकदा तरी मैदानापर्यंत जाऊन या. मागच्या वर्षी मी निदानरेषा ओलांडलीच नव्हती.

म्हणून या खेपेला गेलो. गेले तीन दिवस संध्याकाळी पाच ते सात कॉलेजच्या मैदानावर जाऊन बसलो. पहिल्या दिवशी मला काहीच दिसलं नाही. सात आणि सात जण पळताहेत, एवढंच. पाहणं हेही सरावाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी मी काकाजींसारखं फक्त पायांकडं पाहायचं ठरवलं, तेव्हा थोडं उलगडायला लागलं. तिसऱ्या दिवशी काकाजींनाच गाडीवर मागं बसवून घेऊन गेलो. येताना राजकमल चौकाजवळ गिला वडा खाल्ला आणि हिशेब केला.

ग्रुपवर आज रात्री मी जे टाकलं ते असं :

"मी पाहिलेलं : आपला डावा रेडर मागच्या वर्षीपेक्षा थांबून खेळतो. आधी आल्या आल्या झेप घ्यायचा, आता समोरच्याला हलायला लावतो. त्याला तीस सेकंद पुरतात. दोन्ही कव्हर नवे आहेत. साखळी करताना एकमेकांच्या हाताकडं पाहतात, तेवढ्यात रेडर निसटतो. काल आधीपेक्षा कमी वेळा निसटला. शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांचे गुडघे सरळ होतात, म्हणजे दमलेले असतात. बदली खेळाडू लवकर आत घ्यावे लागतील.

काकाजींनी पाहिलेलं : तिसरा रेडर शिवल्यावर लगेच मागं बघतो. पंच शिट्टी मारेपर्यंत बघायचं काम नाही. मध्यरेषा आधी.

समोरची टीम : त्यांचा एकच सामना फोनवर पाहिला. तो त्यांच्याच रेडरच्या मागून काढलेला आहे, त्यामुळं त्यांचा बचाव मला दिसलेला नाही. त्याबद्दल बोलत नाही.

कोण जिंकेल : माहीत नाही."

दोन मिनिटांत उत्तरं आली. पहिलं : "एवढं मोठं कोण वाचते बे?" दुसरं : "अबे, थेट सांग ना, जिंकतो का नाही?" तिसरं, ज्याची मी वाटच पाहत होतो : "गुडघ्याचं काय?"

गुडघा मी पाहिला आहे. या वेळी जवळून पाहिला आहे. सरावानंतर तो बर्फ लावून बसतो तेव्हा शेजारी बसलो आहे. तो स्वतः काय म्हणतो तेही ऐकलं आहे. फिजिओथेरपिस्टनं काय सांगितलं तेही त्यानं सांगितलं आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे सगळं लिहावं. पाहिलेलं आहे, ऐकलेलं आहे, नावानिशी सांगता येतं. म्हाइंभटांच्या कसोटीलाही उतरेल. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिकडच्या कॉलेजचे दोन पोट्टे आपल्या ग्रुपमध्ये आहेत, माहीत आहे ना तुले?"

मला माहीत नव्हतं. सामन्याआधीची समीक्षा बाकीच्या समीक्षेपेक्षा वेगळी कुठं पडते ते मला तिथं उमगलं. पुस्तक छापून झाल्यावर समीक्षक लिहितो. त्याच्या लिहिण्यानं पुस्तकातली ओळ बदलत नाही. खेळाडू मात्र अजून खेळायचा असतो. आपण त्याच्याबद्दल आज जे बोलतो ते घेऊन तो उद्या मैदानात उतरतो, आणि समोरचेही उतरतात. म्हणून न पाहिलेलं बोलू नये, हा पहिला नियम झाला. पाहिलेलं सगळं बोलायचं नसतं, हा दुसरा. गुडघ्याबद्दल मी ग्रुपवर लिहिलं नाही आणि इथंही लिहीत नाही.

माफी मागायला गेलो होतो तेव्हा तो जे म्हणाला, ते मात्र त्याच्या परवानगीनं लिहितो. तो म्हणाला होता, "तुहा मेसेज ऐकून मी खेळलो, असं नाही. मी खेळणारच होतो. पण ऐकला होता मी. तीनदा." नंतर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. त्याच्या आईनं चहा आणला.

तो मेसेज मी नंतर पुसायला गेलो होतो. ‘सगळ्यांसाठी काढून टाका’ हा पर्याय तोवर निघून गेला होता. फक्त माझ्या फोनमधून पुसता आला असता, तो मी ठेवला. कधीकधी ऐकतो. आवाज माझाच आहे आणि खूप खात्रीचा आहे.

आत्ता, हे लिहिताना, त्याचं ग्रुपवर पहिलंच उत्तर आलं. माझ्या लांबलचक मेसेजखाली त्यानं लिहिलं आहे : "तिसऱ्या रेडरचं बरोबर आहे. सांगतो त्याले. काकाजीले घेऊन ये उद्या. समोर बसव, मागून त्यायले दिसत नाही."

सामना अकराला आहे. काकाजी गाडीवर पुन्हा बसायला तयार नाहीत, कंबर दुखते म्हणतात. सकाळी लवकर उठून एसटीत त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरायची आहे.